दोघांचे बोलणे आणि तिसरा कान



ज्या वकीलसाहेबांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला गावाने इतकी वर्षे चालवली, त्यांच्याविषयी जुनी मंडळी एक गोष्ट आवर्जून सांगतात. अशिलाने त्यांच्या कानावर घातलेली गोष्ट त्यांच्या तोंडून कधी बाहेर पडली नाही. घरच्यांनाही कळली नाही, कारकुनालाही नाही. माणूस मोकळेपणाने बोलू शकला तरच त्याला न्याय मिळू शकतो, ही त्यांची श्रद्धा होती. म्हणून संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी मोबाइलवरच्या बोलण्याच्या गोपनीयतेचा विषय सुचवला. माझी सगळी नोकरी दूरसंचार खात्यात गेली. लोकांचे बोलणे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोहोचवणे हेच माझे काम होते. ते वाटेत कुणी ऐकू नये, याची काळजीही त्याच कामाचा भाग होती.

ट्रंक कॉलचा काळ इथल्या अनेकांना आठवत असेल. नंबर बुक करायचा आणि तास-दोन तास वाट बघायची. बोर्डावर बसलेली ऑपरेटर दोर जोडून द्यायची आणि जोडणी नीट झाली का ते हेडफोनवर ऐकायची. ती ऐकू शकते हे सगळ्यांना ठाऊक असायचे, म्हणून लोक जपून बोलत. त्या ऑपरेटरवर कायद्याचा धाकही होता. ऐकलेला मजकूर फोडणाऱ्या तार खात्याच्या नोकराला तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद १८८५च्या तार अधिनियमात होती.

३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीत केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांना फोन लावला आणि भारतात मोबाइल सुरू झाला. मधली ऑपरेटर गेली, क्रॉस कनेक्शन गेले, आणि आता आपले बोलणे आपल्या दोघांतच राहते असे लोकांना वाटू लागले. हा समज किती खरा आहे ते आज तपासायचे आहे. आपले बोलणे तीन ठिकाणी ऐकता येते : हवेत, कंपनीच्या यंत्रणेत आणि बोलणाऱ्यांच्या हातातल्या फोनमध्ये. क्रमाने पाहू.

आधी हवा. मोबाइल म्हणजे छोटा रेडिओच. तुमचा आवाज रेडिओलहरींवर बसून जवळच्या टॉवरपर्यंत जातो. त्या लहरी कुणालाही पकडता येतात, म्हणून आवाज गुंतवून पाठवावा लागतो. त्याला एन्क्रिप्शन म्हणतात. आपल्याकडे ज्याला टू-जी म्हणतात त्या जीएसएम पद्धतीत हे काम ए५/१ नावाच्या गणिती रीतीकडे होते. तिची किल्ली ६४ बिटांची, आणि सुरुवातीच्या अनेक जाळ्यांत त्यातले दहा बिट मुद्दाम शून्य ठेवलेले. काही देशांना विकण्यासाठी ए५/२ नावाची आणखी दुबळी आवृत्ती काढली गेली. ती दुबळी राहावी असेच ठरवले होते, कारण आपल्या हेरखात्यांना ऐकता यावे अशी काही सरकारांची इच्छा होती. पुढे काय झाले? ए५/२ इतकी सहज फुटू लागली की ती फोनमधून काढूनच टाकावी लागली. २००९च्या डिसेंबरात कार्स्टन नोल या जर्मन संशोधकाने बर्लिनच्या परिषदेत ए५/१ फोडण्याची साधनेही जगापुढे ठेवली. हेरखात्यांच्या सोयीसाठी ठेवलेला दुबळेपणा हौशी माणसाच्या संगणकापर्यंत येऊन पोहोचला.

टू-जीतली दुसरी उणीव त्याहून मोठी आहे. तुम्ही फोन चालू करता तेव्हा जाळे तुमच्या सिमकार्डाची ओळख तपासते. ते एक आकडा पाठवते, सिमकार्ड आपल्या आतली गुप्त किल्ली वापरून त्याचे उत्तर देते, उत्तर बरोबर आले की प्रवेश मिळतो. पण ‘तू तरी खरा टॉवर आहेस का?’ हा प्रश्न फोन टॉवरला विचारतच नाही. ती सोयच त्या पद्धतीत ठेवलेली नाही. त्यामुळे कुणी बॅगेत मावणारे यंत्र घेऊन चौकात उभा राहिला आणि त्याने खऱ्या टॉवरपेक्षा जोरदार सिग्नल सोडला, तर आसपासचे फोन त्याच्याकडे वळतात. मग ते यंत्र फोनला सांगते की एन्क्रिप्शनची गरज नाही, आणि फोन निमूटपणे ऐकतो. पडद्यावर काही दिसत नाही, आवाजात फरक पडत नाही. अशा यंत्रांना आयएमएसआय कॅचर म्हणतात. जगभरच्या पोलिसांकडे ती आहेत, आणि गुन्हेगारांच्या हातीही ती सापडली आहेत.

थ्री-जीपासून ही चूक सुधारली. फोन आणि जाळे एकमेकांची ओळख तपासू लागले, किल्ली १२८ बिटांची झाली. पण सिग्नल क्षीण झाला किंवा कुणी मुद्दाम दाबला की पुष्कळ फोन अजूनही टू-जीवर उतरतात. काही अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये टू-जी बंद करण्याची सोय आली आहे. ती ज्यांच्या फोनमध्ये आहे त्यांनी घरी गेल्यावर वापरावी. मात्र आपल्या आसपास शेतमजूर, घरकाम करणाऱ्या बायका, म्हातारी माणसे अजून बटणांचा फोन वापरतात, आणि त्यातले बरेच फोन टू-जीवरच चालतात. ज्यांच्यापाशी राखण करायला दुसरे काही साधन नाही, त्यांचेच बोलणे सर्वांत उघडे आहे. या विषयाची मला सर्वांत जास्त बोचणारी बाजू ही आहे.

आता दुसरे ठिकाण, कंपनीची यंत्रणा. फोर-जी, फाइव्ह-जीवर हवेतला टप्पा पुरेसा सुरक्षित झाला, पण साध्या कॉलचे एन्क्रिप्शन तुमचा फोन आणि जाळे यांच्यापुरतेच असते. कंपनीच्या आतल्या यंत्रणेत तुमचा आवाज पुन्हा उलगडतो, तिथून पुढे जातो आणि समोरच्याच्या बाजूला पुन्हा गुंतवला जातो. याच मधल्या जागी सरकारी आदेशावरून ऐकण्याची सोय बसवलेली असते. जवळपास प्रत्येक देशाचा कायदा ती सोय ठेवायला लावतो.

अथेन्समध्ये काय घडले ते थोडे सविस्तर सांगतो. २००४ साली तिथे ऑलिंपिक होते. त्या सुमारास व्होडाफोनच्या ग्रीसमधल्या जाळ्यात कुणीतरी शिरले. तिथली एक्स्चेंज एरिक्सन कंपनीची होती. कायदेशीर टॅपिंगसाठी लागणारे सॉफ्टवेअर त्यांत आधीच होते, पण कोणाचा फोन कुणाच्या आदेशाने ऐकला जातो याची नोंद ठेवणारा भाग व्होडाफोनने विकत घेतलेला नव्हता. शिरणाऱ्यांनी ही झोपलेली सोय जागी केली आणि आपल्या कारवाया लपवणारे सॉफ्टवेअर तिच्यावर चढवले. सुमारे शंभर फोन निवडले गेले. त्यांवर कॉल झाला की त्याची एक प्रत चौदा प्रीपेड मोबाइलपैकी एकावर जायची. या शंभरांत पंतप्रधान कोस्तास कारामानलिस होते, मंत्री होते, अथेन्सच्या महापौर होत्या. हे कित्येक महिने चालले. २००५च्या जानेवारीत शिरणाऱ्यांनी आपले सॉफ्टवेअर सुधारायला घेतले आणि काही एसएमएस अडकू लागले. ग्राहकांच्या तक्रारींचा शोध घेता घेता मार्चमध्ये एरिक्सनच्या अभियंत्यांना हा प्रकार सापडला. जनतेला तो २००६च्या फेब्रुवारीत कळला.

मी एक्स्चेंजमध्ये काम केलेला माणूस आहे, म्हणून ही हकिगत मला फार जवळची वाटते. एका देशाच्या पंतप्रधानांचे बोलणे ज्या सोयीतून बाहेर गेले, ती सोय गुन्हेगारांवर पाळत ठेवण्यासाठी बसवलेली होती. चांगल्या माणसासाठी ठेवलेले दार आत येणाऱ्याचा हेतू विचारत नाही. आज मला जे सांगायचे आहे त्याचा गाभा एवढाच आहे.

कंपन्यांच्या आपसातल्या जोडणीचेही असेच आहे. एका कंपनीने दुसऱ्या कंपनीला ‘हा ग्राहक सध्या कुठे आहे, त्याचा कॉल कुठे पाठवायचा’ असे विचारण्यासाठी एसएस७ नावाची संदेशपद्धत आहे. ती घडली तेव्हा फोनची जाळी मोजक्या, बहुतेक सरकारी संस्थांच्या हाती होती आणि सगळे एकमेकांना ओळखत होते. त्यामुळे प्रश्न विचारणारा खरा की खोटा हे तपासायचे कुणाच्या मनात आले नाही. २०१४ साली हॅम्बुर्गच्या परिषदेत संशोधकांनी दाखवून दिले की या पद्धतीत प्रवेश मिळालेला माणूस दूर बसून दुसऱ्याचे कॉल आणि संदेश वळवू शकतो. २०१७ साली जर्मनीत चोरांनी याच वाटेने बँकांचे एसएमएसवरचे सांकेतिक आकडे पळवले आणि खाती रिकामी केली.

आपल्याकडचे चोर याहून सोपी युक्ती वापरतात. कुरिअरवाला किंवा कंपनीचा माणूस असल्याचे भासवून ते फोन करतात आणि स्टार-चारशेएक-स्टार अशी सुरुवात असलेला एक नंबर दाबायला लावतात. तो दाबला की तुमचे कॉल त्यांच्या मोबाइलवर जाऊ लागतात. मग ओटीपी फोनवर सांगण्याचा पर्याय निवडून ते तुमचे व्हॉट्सॲप आणि इतर खाती ताब्यात घेतात. हे इतके बोकाळले की दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४पासून असे नंबर दाबून कॉल वळवण्याची सोय बंद करायला कंपन्यांना सांगितले.

आता कुणी विचारील, मग टॅपिंग मुळातूनच बंद करायचे का? माझे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि ते मी मुंबईच्या आठवणीतून देतो. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री ताज, ओबेरॉय आणि नरिमन हाउसमधले दहशतवादी पाकिस्तानात बसलेल्या सूत्रधारांशी फोनवर बोलत होते. आपल्या यंत्रणांनी ते बोलणे पकडले, ध्वनिमुद्रित केले, आणि कटाचा धागा सीमेपलीकडे जातो याचा तो मोठा पुरावा ठरला. अशा वेळी राज्याला ऐकता आलेच पाहिजे. प्रश्न आहे तो ऐकण्याचा आदेश कोण देतो आणि तो योग्य होता का हे कोण तपासतो, याचा.

राजकारण्यांचे फोन टॅप झाल्याच्या आरोपांनी आपल्याकडे सरकारे हादरली आहेत. १९८८ साली रामकृष्ण हेगडे यांना अशाच प्रकरणात कर्नाटकचे मुख्यमंत्रिपद सोडावे लागले. पुढे १९९१ साली केंद्रीय अन्वेषण विभागाचा राजकारण्यांच्या फोन-टॅपिंगविषयीचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज ही संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली. १८ डिसेंबर १९९६ रोजी न्यायमूर्ती कुलदीप सिंग आणि न्यायमूर्ती सगीर अहमद यांनी निकाल दिला. घरात किंवा कार्यालयात बसून फोनवर बोलणे हा खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे, असे त्यांनी मानले. सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता यांपैकी एक कारण असल्याशिवाय टॅपिंग करता येणार नाही, असे बजावले. आदेश गृहसचिवांनी द्यायचा, त्याची मुदत दोन महिने आणि फार तर सहा महिने, आणि वर एक पुनर्विलोकन समिती, अशी चौकट घालून दिली. २००७ साली ती नियमांत आली. २०२३चा नवा दूरसंचार कायदा आणि त्याखालचे डिसेंबर २०२४चे नियम याच चौकटीवर उभे आहेत.

तोपर्यंत २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने जाहीर केले होते. त्याचा आधार घेऊन मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१९मध्ये विनीत कुमार खटल्यात ठाम निकाल दिला. एका उद्योजकावर बँक अधिकाऱ्याला लाच दिल्याचा आरोप होता आणि त्याचे फोन टॅप झाले होते. लाचेच्या या प्रकरणात सार्वजनिक आणीबाणीही नाही आणि सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्नही नाही, असे म्हणून न्यायालयाने टॅपिंगचे तिन्ही आदेश रद्द केले आणि ध्वनिमुद्रणे नष्ट करायला सांगितले. आरोपीविषयी तुमचे-माझे मत काहीही असो, नियम सर्वांसाठी सारखा असतो हे त्या निकालाने सांगितले.

पण न्यायालयापर्यंत पोहोचणारी प्रकरणे किती? ज्याचा फोन ऐकला जातो त्याला ते कळतच नाही, म्हणून तो दादही मागू शकत नाही. भिस्त राहते ती पुनर्विलोकन समितीवर. केंद्रातल्या समितीत कॅबिनेट सचिव, विधी सचिव आणि दूरसंचार सचिव असतात. आदेश देणारेही सरकारचे आणि तपासणारेही सरकारचेच. न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीने २०१८च्या अहवालात माहिती अधिकारातल्या उत्तराचा हवाला देऊन नोंदवले आहे की या समितीपुढे एकेका बैठकीत १५,००० ते १८,००० आदेश येतात. बैठक आठ तास अखंड चालली असे धरले तरी एका आदेशाच्या वाट्याला दोन सेकंदही येत नाहीत. दोन सेकंदांत आदेशावरचे नावसुद्धा नीट वाचून होत नाही.

कंपनीच्या यंत्रणेतल्या या मधल्या जागेवर खरा उपाय निघाला तो गणितातून. १९७६ साली व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी दाखवून दिले की पूर्वी कधी न भेटलेली दोन माणसे उघड्या मार्गावरून बोलूनसुद्धा फक्त त्या दोघांनाच ठाऊक अशी किल्ली तयार करू शकतात. त्याच विचाराच्या पायावर आजचे टोकापासून टोकापर्यंतचे एन्क्रिप्शन उभे आहे. सिग्नल या ॲपवरचा किंवा व्हॉट्सॲपवरचा कॉल तुमच्या फोनमध्ये गुंततो आणि समोरच्याच्या फोनमध्येच उलगडतो. मधल्या कंपनीच्या हाती निरर्थक आकडे राहतात. व्हॉट्सॲपमध्ये प्रत्येक संपर्काच्या माहितीत साठ आकड्यांचा सुरक्षा कोड असतो. दोघांनी समोरासमोर बसून तो जुळवून पाहिला की मध्ये कुणी तोतया नाही याची खात्री होते. वकील, डॉक्टर, पत्रकार यांनी एवढे तरी जरूर करावे.

तरीही तिसरे ठिकाण उरते, हातातला फोन. तोच शत्रूच्या ताब्यात गेला तर एन्क्रिप्शनचा काही उपयोग नाही, कारण आवाज गुंतण्याआधीच ऐकला जातो. २०१९ साली इस्रायलच्या एनएसओ कंपनीचे पेगासस हे हेर-सॉफ्टवेअर व्हॉट्सॲपच्या नुसत्या मिस्ड कॉलमधून सुमारे १,४०० फोनवर सोडले गेल्याचे उघड झाले. ज्यांना व्हॉट्सॲपने तसे कळवले त्यांत नागपूरचे एक वकीलही होते. २०२१ साली हा विषय पुन्हा पेटला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती आर. व्ही. रवींद्रन यांच्या देखरेखीखाली समिती नेमली. समितीने तपासलेल्या २९ फोनपैकी पाचांत घातक सॉफ्टवेअर सापडले. ते पेगाससच होते असे ठामपणे सांगता आले नाही, आणि केंद्र सरकारने सहकार्य केले नाही, असे ऑगस्ट २०२२मध्ये न्यायालयात सांगण्यात आले. वकिलाचा फोन फुटला की त्याच्या प्रत्येक अशिलाचे बोलणे फुटते, हे या व्यासपीठावरून वेगळे सांगायला नको.

पेगासस मोजक्यांच्या वाट्याला येते. घरातली पाळत मात्र फार पसरली आहे. बायकोच्या, मुलीच्या, सुनेच्या फोनमध्ये गुपचूप ॲप टाकून तिचे बोलणे ऐकणारी माणसे आपल्याच ओळखीची असतात. त्याला काळजी म्हणू नका. शिवाय समोरचा माणूसच तुमचे बोलणे ध्वनिमुद्रित करतो, तेव्हा कायदाही नेहमी तुमच्या बाजूने नसतो. १९७२ साली मलकानी खटल्यात, दोघांपैकी एकाच्या संमतीने पोलिसांनी ध्वनिमुद्रित केलेले संभाषण सर्वोच्च न्यायालयाने पुरावा म्हणून मान्य केले. जुलै २०२५मध्ये पती-पत्नींच्या वादात चोरून केलेली ध्वनिमुद्रणेही न्यायालयापुढे येऊ शकतात, असे त्याच न्यायालयाने म्हटले.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. बोललेले शब्द गुप्त राहिले तरी कोण कुणाशी, कधी, किती वेळ आणि कोणत्या टॉवरखाली बोलले याची नोंद राहते. तिला सीडीआर म्हणतात, आणि कंपन्यांना ती दोन वर्षे जपावी लागते. रोज रात्री एखाद्या डॉक्टरला किंवा वकिलाला फोन गेला एवढे कळले तरी पुष्कळ कळते. २०१८ साली ठाणे पोलिसांनी अशा नोंदी बेकायदा विकणारी साखळी उघडकीस आणली आणि खासगी गुप्तहेरांना अटक केली. सरकारी कामासाठी साठवलेली माहिती इथेही बाजारात पोहोचली होती.

मित्रहो, अथेन्स, ए५/२ आणि ठाणे या तिन्ही प्रकरणांत एकच गोष्ट घडली. सरकारच्या सोयीसाठी ठेवलेली फट दुसऱ्याच कुणाच्या कामी आली. म्हणून जेव्हा जेव्हा ‘देशाच्या सुरक्षिततेसाठी एन्क्रिप्शन थोडे सैल करा’ अशी मागणी येईल, तेव्हा तिला विरोध करणे हेही देशाच्या सुरक्षिततेचेच काम आहे. गृहमंत्र्यांचा फोन आणि तुमचा फोन एकाच गणितावर चालतो. एकाचा सैल केला की दोघांचाही सैल होतो.

आपल्या हातात काय आहे? फोन आणि ॲप अद्ययावत ठेवा. महत्त्वाचे बोलणे साध्या कॉलवर करू नका. कुणी सांगितलेला नंबर न समजता दाबू नका. एसटीत किंवा लोकलमध्ये स्पीकर लावून दुसऱ्याच्या आजाराविषयी, पैशांविषयी बोलू नका, कारण पलीकडच्या माणसाने ते तुमच्या एकट्यासाठी सांगितलेले असते. घरातल्या बटणांच्या फोनवाल्याला बँकेचे आकडे फोनवर न सांगण्याची सवय लावा.

आणि एक काम तुमच्या-माझ्या मताच्या जोरावरच होईल. टॅपिंगच्या प्रत्येक आदेशावर न्यायाधीशाची मंजुरी हवी. तातडीच्या वेळी ती मागाहून घेतली तरी चालेल. काम संपल्यावर, तपासाला बाधा येत नसेल तेव्हा, ज्याचा फोन ऐकला त्याला तसे कळवले पाहिजे. वर्षभरात किती आदेश निघाले हा आकडा संसदेपुढे आला पाहिजे. पुढच्या निवडणुकीत उमेदवार तुमच्या दारात येतील तेव्हा रस्ता आणि पाणी जरूर मागा, आणि त्याच दमात हेही विचारा : माझा फोन ऐकण्याआधी तुम्ही न्यायाधीशाला विचारणार की नाही?